कलाबाईचं कुलूप

मित्रांनो, मी नहरावरचा, म्हणजे कालव्यावरचा, पाणी सोडणारा-अडवणारा एक जुना लोखंडी दरवाजा आहे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर दोन वर्षांनी मी मालगाडीतून तुमसर रोडला उतरलो आणि ट्रॅक्टरवर बसून बपेऱ्याकडे आलो. इथलं गाव पूर्वी नदीकाठी होतं. रेल्वे झाली तशी कित्येक घरं तुमसरच्या राइस मिलांकडे गेली. नहर आला, तेव्हा उरलेली माणसं कोरड्या बरडीवर, म्हणजे उंच माळावर, माझ्या खालच्या अंगाला येऊन राहिली. पाणी सगळ्यांचं एकच. त्यामुळे प्रत्येकाचा डोळा शेजाऱ्यावर.

मला वर-खाली करणारं चाक चिंधू चौकीदार फिरवायचा. नहराच्या शेवटी कलाबाईची धानाची बांधी होती. एका वर्षी पावसानं दडी मारली. धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलं आणि तिच्या बांधीत पाणी पोचेना. चिंधूची सासुरवाडी नहराच्या वाटेतल्या वळणापलीकडे. तो पाणी तिकडेच वळवतो, असं लोक कुजबुजू लागले.

"काहून रे चिंधू, पानी कोनाले देऊन राहिला?" कलाबाईनं विचारलं.

"दरवाजा पुरा खुला हाय, बाई. तूच पाय."

"खुलाच राहिला पायजे," म्हणत तिनं माझं चाक साखळीनं बांधलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

तरी बांधी कोरडीच. माझ्याखालून पाणी भरपूर जात होतं, हे मला दिसत होतं. वळणापुढचं दिसत नव्हतं. चिंधू मात्र रोज दुपारी फावडं घेऊन तिकडेच जाई. खरं सांगतो, मलाही त्याचा संशय आला.

एके दुपारी कलाबाई त्याच्या मागोमाग गेली. तिथं काय झालं, ते मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. चिंधू कमरेइतक्या पाण्यात उभा होता. खेकड्यांनी काठ पोखरला होता, पाणी नाल्यात चाललं होतं आणि तो एकटाच भोकात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि माती कोंबत होता.

"सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी म्हनले असते, यानंच भोक पाडलं."

 कलाबाई पदर खोचून माती वाहू लागली. तिसऱ्या दिवशी पाणी पोचलं. अर्धं धान वाचलं. तिनं कुलूप काढलं, पण चिंधूनं दुसऱ्या नहरावर बदली मागून घेतली होती. तो परत आला नाही. त्यानंतर माझ्या चाकाला कुणी तेल दिलं नाही.

आता दर उन्हाळ्यात कलाबाई काठाकाठानं फिरून भोकं बुजवते. मित्रांनो, तुम्हीही आपला नहर सांभाळा. आणि पाणी आलं नाही, तर कुणाचं नाव घेण्याआधी एकदा वळणापर्यंत चालत जा.