तबकडीवरचा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. अणदूरच्या उमाशंकर यांच्या फोटो स्टुडिओत मला बारा वर्षं झाली. माझ्या पोटात आरशासारखी तबकडी आहे. ती मिनिटाला सात हजार दोनशे फेऱ्या घेते. तिच्यावर एक बारीक हात तरंगतो आणि फोटो लिहितो, वाचतो. दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. हात टेकला, की ओरखडा पडतो आणि तिथलं सगळं कायमचं जातं. त्याला 'क्रॅश' म्हणतात. आज एखादं ॲप अचानक बंद पडलं तरी तुम्ही तोच शब्द वापरता. तो आमच्या या अपघातातून आला, असं सांगतात.

लग्नांचे, खंडोबाच्या जत्रेचे हजारो फोटो मी सांभाळले. "आपली डिस्क म्हंजे लोखंडी पेटी!" उमाशंकर गिऱ्हाइकांना सांगत. दुसरी प्रत मात्र दिवाळीनंतर काढायची होती. अशा चार दिवाळ्या गेल्या. मग माझ्या आत टकटक सुरू झाली.

सोमवारी रुद्रम्मा आल्या. त्यांचे पती शिवानंद गेल्या महिन्यात वारले होते.

"जत्रेतला ह्यांचा फोटू मोठा करून द्या. दुसरा न्हाय. जन्मात एकदाच हसले, ते बी तुमच्या कॅमेऱ्यापुढं!"

फोटो उघडेना. टक... टक... उमाशंकरांनी तळहात उगारला.

"पप्पा, मारू नका! आतला हात टेकंल." त्यांची मुलगी करिश्मा ओरडली. ती नुकतीच बी.एस्सी. झाली आहे.

"अगं, आपला टीव्ही थापा खाऊनच वीस वर्षं चालला."

थाप बसली. आत कर्र झालं. करिश्मानं वायर उपटली.

शिवानंदांचं हसू अजून शाबूत आहे. ओरखडा त्याच्या अगदी शेजारी आहे, आणि त्यातून उडालेली धूळ आत पसरली आहे. करिश्मानं बिघडलेल्या डिस्कमधून फोटो परत काढणाऱ्या पुण्याच्या एका जाणकाराला फोन केला. "अजिबात चालू करू नका, तशीच घेऊन या," तो म्हणाला. ती आता एसटीची वेळ विचारायला गेली आहे. रुद्रम्मा बाकावर बसून आहेत.

"एकदा लावून तरी बघा की."

"बघतो. एकदाच."

मित्रांनो, टकटक ऐकू आली त्याच दिवशी प्रत काढा. कर्र ऐकू आलं, तर मात्र बटणाला हात लावू नका. तबकडी फिरली तर पहिल्या काही फेऱ्यांतच तो ओरखडा रुंद होईल.

उमाशंकरांनी वायर जोडली आहे. त्यांचं बोट बटणाकडे येत आहे. मला ओरडता येत नाही.