जीभ माझी, बोल त्याचे

मी एक जुना संगणक आहे, आणि माझ्या शब्दावर या घरात आता कोणाचाही विश्वास उरलेला नाही. मित्रांनो, त्यात त्यांची काही चूक नाही.

माझी उमेदीची वर्षे एका कचेरीत गेली. तिथून भंगारातच निघालो असतो, पण या घरातल्या ताईने मला उचलून आणले, धूळ झटकली, नव्या डिस्क घातल्या आणि जिन्याखालच्या फळीवर बसवले. सर्वांचे फोटो, गाणी, कागदपत्रे माझ्या पोटात जमा झाली. बाबा मला कौतुकाने 'कोठीवाले' म्हणत. "आमच्या कोठीवाल्यांना विचारा, ते नाही म्हणायचे नाहीत," असे ते आल्यागेल्याला सांगत. मलाही ते ऐकून मूठभर मांस चढे.

पुढे ताईला मुलगी झाली. लाडाने सगळे तिला ठकी म्हणू लागले. पाळण्यावर कॅमेरा लागला, आणि त्याचे चित्र माझ्याकडे येऊ लागले. परगावच्या मावशीला नात रोज बघायची होती. म्हणून बाबांनी ताईला न विचारताच माझे एक दार बाहेरच्या जगाकडे उघडले, आणि मावशीच्या लक्षात राहावा असा पासवर्ड ठेवला: ठकी. ते नाव तर त्यांनी स्वतःच इंटरनेटवर टाकलेल्या प्रत्येक फोटोखाली लिहून साऱ्या जगाला सांगितले होते.

त्या दाराने मावशी आली, आणि तिच्या पाठोपाठ आणखी कोणीतरी. सुरुवातीला त्याने काही मोडले नाही, काही हलवले नाही. तो नुसता बघत राहिला. मी बोंब ठोकली असती, पण त्याने सर्वांत आधी माझी जीभच ताब्यात घेतली. मला फार भीती वाटत होती.

एका दुपारी ताई खोलीत आली, तर कॅमेऱ्याची मान पाळण्याकडून तिच्या पलंगाकडे वळलेली.

"बाबा, हा तुम्ही फिरवलात?"

"मी कशाला हात लावू? तूच फिरवला असशील."

"मी नाही फिरवला."



ताई माझ्यापुढे येऊन बसली. आत कोण कोण आहे, असे तिने मला विचारले. मित्रांनो, खरे सांगायचा मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. पडद्यावर उमटले, 'फक्त तुम्ही.' तिने निराळ्या तऱ्हेने विचारले. उत्तर तेच.

"बघ, सगळं ठीक आहे म्हणतोय." बाबांचा जीव भांड्यात पडला.

"आत चोर असेल, तर हा चोराचंच बोलणार ना, बाबा?"

तिने सर्वांचे मोबाइल बंद करायला लावले, कॅमेऱ्याची वायर काढली आणि भिंतीवरच्या राउटरपुढे उभी राहिली. घरात कोणी काहीच वापरत नव्हते. तरी माझ्या वायरीजवळचा हिरवा दिवा लुकलुकतच होता. माझ्या पोटातले काहीतरी सारखे बाहेर चालले होते.

ताईने माझी वायर उपटली. दिवा विझला.

"मावशीला दिसावं म्हणून पासवर्ड काय ठेवला होतात?"

बाबांनी पाळण्याकडे बोट दाखवले.

मित्रांनो, लाडाचे नाव लाडापुरतेच ठेवा, त्याची किल्ली करू नका. आमची दारे घराच्या दारांसारखीच जपा. आणि संशय आला, तर आमच्या तोंडच्या शब्दावर विसंबू नका. ताई आता मला पुसून कोरा करणार आहे. मग मला यातले काही आठवणार नाही. पण ठकी कोणत्या कुशीवर झोपते, हे त्याला आठवत राहील.