छत्तीस फोटू आणि एक मिशी

पैज लागली ती एका उघड्या तोंडावरनं. तोंड हंबीररावाचं. दूध डेअरीच्या कट्ट्यावर कॅन रिकामा व्हायची वाट बघता बघता त्याला डुलकी लागली, जबडा खाली पडला, आणि शेजारच्या धुळानं मोबाईलवर तो जबडा टिपून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'फौजी बंकरमध्ये. माश्यांनी रांगेत आत जावं.' चहाच्या वेळेपर्यंत पलूसची निम्मी माळगल्ली पोट धरून बसली होती.

हंबीरराव म्हणजे बावीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून घरी आलेला गडी. मिशा अशा की नवी सून सासऱ्याला सोडून आधी त्याच्याच पाया पडायची. तो तडक पिंपळाच्या पारावर आला.

"मोबाईलचं काय कवतिक सांगतो रं? बोट दाबलं की माकड बी फोटू काढतंय."

"व्हय की," धुळा म्हणाला. "आन् समोर माकड असलं की लय भारी येतोय."

पार हसला.

"तुजा त्यो रोलचा कॅमेरा ट्रंकेत कुजतोय न्हवं? त्येनं काढून दाव की."

"दावतो. एक रोल. छत्तीस फोटू."

"छत्तीस भिताडं?"

"माणसं. गल्लीतली."

मग अटी ठरल्या. छत्तिसातल्या दहा फोटोंत तरी माणसाच्या पापण्या मोजता आल्या पाहिजेत. जो हरेल त्याची अर्धी मिशी बाजाराच्या दिवशी ह्याच पारावर उतरायची. सलूनवाला बिरदेव म्हणाला, खुर्ची मी आणतो, दुकानात एवढी पब्लिक मावायची न्हाई.

लोकांना वाटलं, फौजी चिडला. चिडला होताच. पण पैज त्यानं चिडून घेतली नव्हती.

आदल्याच आठवड्यात तो सांगलीला डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन आला होता. एकटाच. डॉक्टरनं यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, आत उजेड मारला आणि सांगितलं, "साखर पडद्यावर उतरलीय. उजव्या डोळ्याचं मधलं बघणं गेलंय, ते परत येईल असं मी सांगत नाही. डाव्यात आत्ता सुरुवात आहे. तो वाचवायचा तर लगेच इंजेक्शनं सुरू करायची."

"घीऊ की. दंडात का कमरंत?"

"डोळ्यात."

हंबीररावानं बर्फात पहारा दिला होता, हाड मोडलेला पाय ओढत तळावर परत आला होता. पण 'डोळ्यात' म्हटल्यावर त्यानं खुर्ची मागं सरकवली. उद्या येतो म्हणून उठला तो थेट स्टँडवर. घरी बायकोला, शालनला, सांगितलं, "चष्म्याचा नंबर बदललाय."

तेव्हापासून त्यानं मनाशी एक धरलं होतं. डॉक्टर चुकतो. यंत्र चुकतं. गेलेल्या डोळ्यानं काही पापण्या मोजता येण्याजोगा फोटो निघत नाही. दहा निघाले, तर डोळा शाबूत आणि सुई खोटी. धुळानं पैजेवर मिशी लावली होती. हंबीररावानं डोळा लावला होता, आणि ते त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

कॅमेरा अंबाल्याला असताना कँटीनमधून घेतलेला. रोल न घालताच जो ट्रंकेत गेला, तो डांबराच्या गोळ्यांच्या वासातच म्हातारा झाला. रोल मिळायला आणि शिकायला सातारा गाठावा लागला. तिथं गंगाधरपंतांचा जुना स्टुडिओ होता. ते अजून हौसेनं काळे-पांढरे रोल धुवायचे.

"सोपं आहे हो," पंत म्हणाले. "ह्या खिडकीतनं बघा. मधोमध एक गोल दिसेल. गोलात माणूस मोडल्यासारखा दिसतो, वरचा तुकडा एकीकडं, खालचा एकीकडं. ही रिंग फिरवत राहायची. तुकडे जुळले की दाबायचं. दिसतायत का तुकडे?"

हंबीररावानं कॅमेरा डोळ्याला लावला. कडेला पंतांचे कान दिसत होते, टेबलाचा कोपरा दिसत होता. मधोमध, बरोबर गोलाच्या जागी, ओल्या राखेचा एक गोळा बसला होता.

"दिसत्यात की," तो म्हणाला.

गल्लीत मग तमाशाच सुरू झाला. फौजी गळ्यात कॅमेरा अडकवून निघाला की बाया पदर सावरायच्या, म्हातारे कवळी बसवायचे. हंबीरराव कोपरं बरगडीला टेकवायचा, दम रोखायचा आणि रिंग इकडं फिरवायचा, तिकडं फिरवायचा. राखेचा गोळा काही हलायचा नाही.

"आवं भावजी, झालं का?" समोरची ताई दात दाखवून दाखवून दमायची. "हासून हासून गाल दुखाया लागलं की वं."

"हलू नगंस."

"मी कशाला हलतीया! माजं दूध उतू चाललंय!"

शेवटी तो अंदाजानं दाबायचा. खट्. आणि मोबाईलसारखं लगेच बघायची सोय नाही. जे काय आलं ते आत अंधारात जाऊन बसलं. सुरुवातीला ह्या अंधाराचा त्याला आधार वाटायचा. आत चांगलंच आलं असेल म्हणायला जागा होती. पण आकडा पुढं सरकू लागला तसं त्याचं जेवण कमी झालं. विसाव्या फोटोला तो मनात म्हणाला, दहा नको, पाच दे. तिसाव्याला म्हणाला, एक दे. एकच. एक आला तरी मी डॉक्टरला विसरतो.

शेवटचा त्यानं शालनसाठी ठेवला. ती परड्यात भिंतीपुढं उभी राहिली.

"तुमचा हात कशानं थरथरतोय वं?"

"चहा जास्त झालाय."

"सकाळपासनं घोट घेतला न्हाई तुमी."

खट्.

साताऱ्याला धुळा साक्षीदार म्हणून बरोबर आला. एसटीत पूर्ण वेळ त्याचं तोंड सुरू. "मिशी काढल्यावर वहिनी वळखंल का रं? का घरातनं हाकलंल?" हंबीरराव खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या बघत होता, एका डोळ्यावर हात ठेवून, मग दुसऱ्यावर. उजवा उघडा असला की ट्रॉली गायब व्हायची, नुसती चाकं आणि वरचे तुरे चालायचे. ऊन डोळ्यावर येतंय म्हणून, असं तो स्वतःला समजावत होता.

पंतांनी रोल धुतला, वाळवला, काचेखालच्या उजेडावर पसरला आणि भिंग धुळाच्या हातात दिलं. धुळा पहिल्या फोटोला हसला. पाचव्याला मोठ्यांदा हसला. पुढं सरकत गेला तसं त्याचं हसू बारीक होत गेलं.

"गड्या, ही कोण? धुक्यातली हडळ वाटतीया."

"शेवटचा बघ."

"भीत बघ कशी झाक आलीया. वीट न् वीट. फुडं मातूर..." धुळानं भिंग खाली ठेवलं. "वहिनी हाय व्हय ती?"

"एक बी न्हाई?"

पंत म्हणाले, "पहिलाच रोल आहे. होतं असं. पुढच्याला जमेल."

हंबीररावानं पंतांकडं बघितलं. पुढचा रोल! त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, की पुढचा रोल असणारच नाही. आज शालन ह्या फोटोत जशी दिसतेय, तशीच ती उद्या चुलीपुढं, अंगणात, सगळीकडं दिसणार आहे. पण त्यानं नुसते रोल धुतल्याचे पैसे मोजून टेबलावर ठेवले.

परतताना कराडच्या स्टँडवर धुळानं वडा आणून हातात दिला. तो हातातच गार झाला.

"फौजी, एवढं मनाला लावून घेतंय व्हय कुनी? मिशी परत येती रं."

"व्हय," हंबीरराव म्हणाला. "मिशी येती."

बाजाराच्या दिवशी पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. बिरदेवनं खुर्ची मांडली, हंबीररावाच्या गळ्यात फडकं बांधलं. कॅमेरा सगळ्यांना दिसावा म्हणून समोरच्या कट्ट्यावर ठेवला होता. शालन पिशवीत मेथी घेऊन बायांच्या घोळक्यात उभी होती.

"थांब रं बिरदेवा!" धुळा पुढं आला. "आदी सायबानं फोटू कसं काढलं ते बघू द्या मंडळीस्नी." त्यानं बिरदेवचा पाण्याचा तांब्या उचलला, उजव्या डोळ्याला लावला, डावा डोळा गच्च मिटला, गाल वाकडा केला, कोपर बरगडीत खुपसलं, दम कोंडून लालभडक झाला आणि ओरडला, "फायर!"

पार कोसळला हसून. हंबीरराव मात्र टक लावून बघत राहिला.

डावा डोळा मिटलेला. फायरिंग रेंजवर उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलेलं, डावा बंद, दम बंद, मग घोडा. बावीस वर्षं. कॅमेरा हातात आला, तोंडापुढं खिडकी आली, आणि हात-डोळ्यांनी विचारलंसुद्धा नाही. छत्तीसच्या छत्तीस वेळा.

तो फडक्यासकट उठला आणि कट्ट्यावरचा कॅमेरा घेतला. उजवा मिटला. डावा लावला.

मधोमध गोल उभा राहिला, धुतलेल्या काचेसारखा. गोलात धुळा मोडलेला होता, नाक इकडं, मिशी तिकडं. रिंग थोडी फिरली. नाक मिशीवर येऊन बसलं. दातावरचा मिश्रीचा डाग दिसला. पापण्या दिसल्या. एकेक.

आत रोल नव्हता. छातीत आनंदाचा एक हिसका आला आणि त्याच दमात खाली गेला. म्हणजे कॅमेरा बरोबर होता, हात बरोबर होता. आणि डॉक्टरही बरोबर होता.

"दिसंना व्हय अजून?" धुळा म्हणाला.

"डाव्यानं दिसतंय," हंबीरराव म्हणाला. आवाज कवायतीत निघायचा तसा निघाला, पार बाजारापर्यंत. "उजवा गेलाय माजा. सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलंय. डावा बी जाणार हाय, सुई घेतली न्हाई तर. मी पळून आलो तितनं."

पारावर चिमण्यांचा आवाज ऐकू यायला लागला. धुळाच्या हातातला तांब्या कलला, पाणी त्याच्याच पायावर सांडलं.

"पैज रद्द," तो म्हणाला. "गड्या, ऱ्हाऊ दे ही. मला कुटं म्हाईत..."

"पैज म्हंजी पैज." हंबीरराव खुर्चीत बसला. "बिरदेवा, उजवी काड. त्या बाजूला आता राखायसारकं काय बी न्हाई."

घोळक्यातनं शालन आली. मेथीची पिशवी तिनं धुळाच्या हातात कोंबली.

"नंबर बदललाय म्हणलासा."

"शाले, सुई डोळ्यात मारत्यात." हे मात्र त्यानं हळू सांगितलं, पण गप्प झालेल्या पारावर ते सगळ्यांनी ऐकलं. "मला लय भ्या वाटतंय."

"मला न्हाई व्हय वाटत?" शालन म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं, गच्च. "उद्या सकाळच्या गाडीनं जायाचं. मी अशीच धरून बसते. आता हलू नका, वस्तरा लागंल."

बिरदेवनं वस्तरा लावला. हंबीरराव हलला नाही.