आश्रुबाचे चार हुंकार

चौसाळ्याच्या शिवारात मेंढरं राखणाऱ्या आश्रुबासमोर कुणीही मन मोकळं करावं. त्याचा हुंकार इतका नेमका पडायचा, की सांगणाऱ्याला वाटे, ह्याला सगळं कळतंय.

म्हणूनच स्पेनमध्ये संत्री भरण्याच्या कारखान्यात असलेल्या मुलानं, हरिओमनं, त्याला तिकडचे चार हुंकार शिकवले: बाले म्हणजे बरं, आंदा म्हणजे हो का, आय म्हणजे अरेरे, बेंगा म्हणजे चला. हरिओमच्या पाच वर्षांच्या लेकीला, अंजूला, फक्त आईची, लूसियाची, भाषा येई. तिचं बोलणं कळलं नाही तरी चालेल, पण गप्प बसू नका, असं हरिओमनं बजावलं होतं. दोन महिन्यांत आश्रुबा तयार झाला. दर रविवारी नात व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोले आणि हा नेमक्या जागी हुंकार टाकी. आपल्या आजोबांना स्पॅनिश येतं, असं अंजू शाळेत सांगून आली होती.

"कळतंय का काई?" मुक्ताबाई नवऱ्याला चिडवायची.

"लेकराला बोलावं वाटतंय ना, बास."

मंगळवारी दुपारी फोन वाजला. पडद्यावर अंजू रडत होती. तिच्यामागं स्वयंपाकघराच्या फरशीवर लूसिया पडलेली होती, हलत नव्हती.

"आय," आश्रुबाच्या तोंडून गेलं.

अंजू सांगू लागली. हुंदके आवरत तिनं सगळं नीट सांगितलं, मग काहीतरी विचारून थांबली. सवयीनं तो म्हणाला, "बाले, बाले." तिचा चेहरा जरा निवळला.

शेजारी मुक्ताबाई दुसऱ्या फोनवरून हरिओमला लावत होती. त्याचा फोन बंद होता. कामावर तो कपाटात ठेवावा लागे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. सुट्टीला अजून चार तास होते.

"बाहीर जा, पोरी. शेजारच्याला हाक मार," आश्रुबा म्हणाला. मराठीत. ती नुसती बघत राहिली. त्यानं हात लांब करून तिच्यामागच्या दाराकडं दाखवलं, पुन्हा पुन्हा.

अंजूला कळलं. तिनं फोन भिंतीला टेकवला, डोळे पुसले, दाराची कडी काढली आणि उंबऱ्यावर बसली.

"ती तिथंच का बसलीय?" मुक्ताबाईनं विचारलं.

"वाट बघतीय," आश्रुबा म्हणाला. "मी कुणाला तरी धाडतोय, असं वाटलंय तिला."

मुक्ताबाईनं पुन्हा नंबर लावला.