देवजीच्या खात्यातले तीस रुपये
बँकेत मी बावीस वर्षं काढली. त्यात मेलेल्या माणसाला जिवंत केलं ते एकदाच, आणि तेही जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं उरली असताना.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी बेलापूरच्या शाखेत चालू खात्यांच्या खिडकीवर होतो. दिवाळे गावच्या वेणूबाई मासळी विकून तशाच आल्या होत्या. त्यांचा मुलगा देवजी आठ महिन्यांपूर्वी समुद्रात गेला होता. होडी उरणच्या बाजूला सापडली, तो सापडला नाही. हॉटेलांना मासळी पुरवायची म्हणून त्याने चालू खातं उघडलं होतं. त्यात किती उरलंय ते त्यांना हवं होतं. त्याच महिन्यापासून बँकेने चालू खात्यांना दरमहा तीस रुपये शुल्क लावलं होतं आणि सकाळपासून त्यावरून लोकांच्या शिव्या खाऊन माझं डोकं उठलं होतं.

"तीस रुपये गेलेत," मी मान वर न करता म्हणालो.

कोणी काढले, त्यांनी विचारलं. खातं देवजीचं, मग त्याच्याच नावावर पडणार ना, असं काहीतरी मी फणकाऱ्याने बोललो आणि डबा घेऊन उठलो.

त्यानंतर त्या दर एक तारखेला येऊ लागल्या. उतारा मागायच्या, तीस रुपयांच्या ओळीवर बोट ठेवायच्या आणि पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढून खात्यात भरायच्या. मला वाटे, कसली सरळ बाई आहे, एका शब्दाने भांडत नाही.

खरा प्रकार सांगितला सगुणाने, देवजीच्या बायकोने. ती एकटीच आली होती. करंजाच्या एका माणसाशी तिचं दुसरं लग्न ठरत आलं होतं, सासूनेच बघून दिलेलं. आता सासूने ते मोडलं आणि तिला पुन्हा कुंकू लावायला लावलं. सासूचं म्हणणं, मुलगा दर महिन्याला पैसे काढतोय, म्हणजे आहे कुठेतरी. पैसे बँक कापते, मी म्हणालो. ती म्हणाली, हे आईला तुम्हीच सांगा, माझं ती ऐकत नाही.

मी सांगितलं. परिपत्रकही दाखवलं. वेणूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"पैसं आमचं. ठेवलं तुमच्याकडं. आनि वर तुमीच कापता? कशापायी?"

मी परिपत्रक पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांना माझी कीव आलेली दिसत होती. बुडालेल्या माणसाने पैसे काढावेत हे त्यांना पटत होतं, बँकेचं वागणं पटत नव्हतं.

पुढे मीच धास्तावलो. उतारे छापताना देवजीचं नाव आलं की मी नजर दुसरीकडे वळवी. एकदा खिडकीशी ओल्या कपड्यांतला दांडगा माणूस उभा दिसला आणि माझ्या हातातलं पेन पडलं. तो नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर निघाला. खातं बंद करावं तर मृत्यूचा दाखला हवा, आणि तो मागायची माझी छाती नव्हती.

एप्रिलात शुल्क साठ रुपये झालं. वेणूबाई सुनेला घेऊन आल्या. आकडा त्यांना वाचता येत होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी मनाशी हिशेब केला.

"दुप्पट लागतंय त्याला," त्या म्हणाल्या. "दोघं झाली असतील. त्यानं तिकडं दुसरी केली." मग सुनेकडे वळल्या. "जा बाय, तू पन तुजं बघ. मी आता आडवी येत नाय."

सगुणाने माझ्याकडे पाहिलं. शुल्कच वाढलंय हे आम्हा दोघांनाच कळत होतं. मी बोललो असतो तर तिची सुटका पुन्हा अडली असती. मी उताऱ्याची घडी करून वेणूबाईंच्या हातात दिली.

सासूला दारापर्यंत सोडून ती एकटीच परत आली आणि खिडकीचे गज धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

"माजा मानूस असा नव्हता, साहेब," ती म्हणाली. "तुमाला तरी ठावं असू द्या."