पांढरी ज्योत

तेल आणि गॅस वेगळे करणाऱ्या तीन टाक्या, तेल साठवायच्या दोन, वाफेचा एक बॉयलर, एक उंच धुराडं आणि त्याच्या टोकाला ज्योत. शिवाय काँक्रीटचा एक रिकामा चौथरा आणि त्यातून वर आलेले बारा गंजलेले बोल्ट. या चौथऱ्यावर गॅस गोळा करणारा कॉम्प्रेसर बसायचा होता. तो आलाच नाही. म्हणून इराकमध्ये बसऱ्याच्या उत्तरेला असलेल्या या स्टेशनवर तेलाबरोबर वर येणारा सगळा गॅस जाळून टाकतात.

त्या सकाळी मंत्रालयातून तपासणीला उस्ताद लुऐ आले होते; इथे साहेबाला उस्ताद म्हणतात. नवा नियम असा की शंभर भागांतले निदान अठ्ठ्याण्णव भाग गॅस ज्योतीत जळालाच पाहिजे. कमी भरला तर तेलाच्या विहिरी बंद आणि स्टेशनची एकसष्ट माणसं घरी. मोजायचं काम माझं; त्यासाठी मला बसऱ्याहून बोलावलं होतं. जळालेला गॅस किती आणि न जळता निसटलेला किती, हे माझा कॅमेरा वेगवेगळं दाखवतो.

स्टेशनप्रमुख अबू नवरस पहाटेपासून एका जागी बसले नव्हते. वाळवलेल्या लिंबाचा चहा त्यांनी तीनदा मागवला आणि तीनदा तसाच ठेवला.

"नियम मान्य आहे, उस्ताद," ते म्हणाले. "पण तुम्ही तारीख पाठवता, कॉम्प्रेसर पाठवत नाही. त्या चौथऱ्यावर माझी माणसं डॉमिनो खेळतात."

"कॉम्प्रेसर तेल कंपनीने आणायचा."

"कंपनी म्हणते, आधी पाइपलाइन. आणि पाइपलाइन कोणाची? तुमची."

"तोवर काजळी मात्र माझ्या आईच्या अंगणात," लुऐ म्हणाले. "ती पलीकडच्याच गावात राहते. पांढरी चादर वाळत घातली की करडी होऊन घरात येते."

"म्हणून तर आज वर बघा. धुराचा ठिपका नाही."

खरंच नव्हता. पाहुणे यायचे असले की इथे वाफेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडतात. वाफ ज्योतीत शिरली की काजळी नाहीशी होते. ज्योत पांढरी दिसली की गावातले चहावाले म्हणतात, आज कोणी साहेब आलाय.

मी अबू नवरसांना सकाळीच सांगितलं होतं, "काका, इतकी वाफ नको. ज्योत थंड पडते आणि गॅस न जळताच सुटतो."

"पोरी, मी बावीस वर्षं बघतोय. साहेब लोक फक्त धूर बघतात."

पहिली मोजणी झाली. ९३.६.

अबू नवरस माझ्या पडद्यावर वाकले. "कॅमेरा उन्हाने तापलाय."

"तो सावलीतच होता," मी म्हणाले.

"दुसऱ्या मोजणीची मुभा आहे," लुऐ म्हणाले. "एकदाच."

अबू नवरस मला व्हॉल्व्हपाशी घेऊन गेले. चाकावर हात ठेवला, काढला, घाम पुसला, पुन्हा ठेवला.

"निम्मा बंद करा," मी म्हणाले.

"धूर येईल."

"थोडा येईल."

"त्यांच्या डोळ्यांदेखत?"

"डोळ्यांनीच मोजायचं असतं तर मला कशाला बोलावलं, काका?"

ते हसले नाहीत. चौथऱ्यावरचा डॉमिनो थांबला होता. सगळे आमच्याकडे बघत होते.

"तुझं चुकलं तर तू बसऱ्याला परत जाशील," ते म्हणाले. "हे कुठे जातील?"

वाफ कमी करून मी याआधी फक्त दोन ज्योती मोजल्या होत्या. त्या दोन्ही छोट्या होत्या आणि वाराही वेगळा होता. हे मी त्यांना सांगितलं.

"आता सांगतेस?"

"आता विचारलंत."

त्यांनी चाक फिरवलं. वाफेचा फुत्कार उतरला आणि खालून एक जड घरघर वर आली. पांढरा रंग नारिंगी झाला. टोकाला धुराची एक बारीक शेपटी सुटली आणि वाऱ्यावर गावाच्या दिशेने वळली. लुऐंची नजर तिच्यामागे गेली. अबू नवरस त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, ज्योतीकडे नाही. चाकावरचा त्यांचा हात पुन्हा हलला.

"राहू द्या," मी म्हणाले, आणि कॅमेरा सुरू केला.

दुसरी मोजणी. वारा वायव्येचा, वाफ निम्मी. जळालेला गॅस शंभरात ९८.४, म्हणजे नियमात बसला. त्या दिवशी ज्योतीत गेलेला एकूण गॅस सहा लाख घनमीटर.