पहिल्या पंगतीतली थाळी

लिलाबाईने थाळी जमिनीवर ठेवली, पदराने उगाच पुसली आणि गुडघ्यावर हात देत ती पहिल्या पंगतीत बसली. बसताना हाडं कुरकुरली. आजूबाजूच्या बायकांनी नेहमीप्रमाणे पदर सावरत थोडं सरकून घेतलं. ऊठ असं कोणी म्हणालं नाही. ॲट्रॉसिटीचा कायदा सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून तिला उठवायचं नाही आणि वाढायचंही नाही, असं गावाने न बोलता ठरवून टाकलं होतं. गाव तसं फार समजूतदार.

मारुतीच्या भंडाऱ्याची वर्गणी मागताना गावाला बौद्ध वस्ती बरोबर आठवायची. जेवणाच्या वेळी मात्र वस्तीसाठी वरण-बट्टीच्या बादल्या वेगळ्या निघत, त्याही पंगती उठल्यावर. त्या बादल्यांतलं खाणं लिलाबाईने सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून दर भंडाऱ्याला ती घरची थाळी घेऊन यायची, रिकाम्या थाळीपुढे बसायची आणि पंगत उठली की उठायची. सुरुवातीला वस्तीतले चार-सहा जण सोबत असत. मग कोणी सुरतेला कामाला गेलं, कोणी कंटाळलं. खरं सांगायचं तर तीही कंटाळली होती. नरडाण्याच्या कंपनीत लागलेला तिचा राजदीप काल फोनवर वैतागलाच. तो देव आपला नाही, ते जेवण आपलं नाही, मग कशाला जीव जाळतेस, असं त्याचं म्हणणं. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

"मी जेवाले नही जास, राजू," ती म्हणाली होती. "बसाले जास."

पण ही खेप शेवटची, असं तिने फोन ठेवल्यावर मनाशी ठरवलं. गुडघे ऐकत नव्हते, आणि भिंतीपुढे माणसाने बसायचं तरी किती?

शेजारी सुनंदाबाई येऊन टेकली. लिलाबाई तिच्याच शेतात कापूस वेचायची. दुपारी दोघी एकाच निंबाखाली भाकरी सोडत, मध्ये हातभर जागा ठेवून. सुनंदाबाई घरातलं सुखदुःख सगळं सांगायची, पाणी मात्र वरून ओतायची. बाई वाईट नव्हती. लिलाबाईला तेच जास्त लागायचं.

वाढपी आले. वरणाची बादली सुनंदाबाईच्या पुतण्याकडे, जितेंद्रकडे होती. लिलाबाईची थाळी ओलांडून तो काकूपुढे वाकला. सुनंदाबाईने आपल्या थाळीवर आडवा हात धरला.

"पह्यले तिले वाढ," ती हळूच म्हणाली.

जितेंद्रला आधी थट्टा वाटली. मग काकूचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. मागे कोणीतरी खाकरलं, तसा तो पुढे सरकला. बट्टीवाला सरकला, भाजीवालाही सरकला. पंगतीत आता दोन थाळ्या रिकाम्या होत्या.

लिलाबाईला बरं वाटायला हवं होतं. आला तो राग. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून पोटभर जेवलीस, आणि आता माझं अंग गळाल्यावर तुला सुचलं? रागामागोमाग काळजी आली. सुनंदाबाईला शुगर होती. उपाशी राहिली की तिचे हात थरथरत. मागच्या वेचणीला ती भोवळ येऊन पडली, तेव्हा तिला पाठीवर घेऊन लिलाबाईच बांधापर्यंत आली होती.

गावची रीत अशी, की पंगत वाढून झाली की म्हाताऱ्या उखर्डू आबांनी सगळ्यांना वाढून झालं का, असं विचारायचं, वाढप्यांनी होकार द्यायचा आणि आबांनी 'घ्या' म्हटल्यावरच घास उचलायचा. आबा काठी टेकत उभे राहिले.

"बठ्ठासले वाढीसन व्हयनं का?"

दरवर्षी वाढपी एका सुरात हो म्हणत, आणि भुकेपेक्षा तो होच लिलाबाईला बोचायचा. आज जितेंद्र खाली बादलीत पाहत राहिला. त्याचं पाहून बाकीचेही गप्प. आबांनी पुन्हा विचारलं. बट्ट्यांवरचं तूप थिजायला लागलं.

सुनंदाबाईचा थाळीवरचा हात थरथरत होता. तिने तो काढला नाही.

लिलाबाईने सुस्कारा सोडला आणि कमरेला बांधलेलं फडकं सोडलं. भंडाऱ्याहून परतताना वाटेत खायची भाकरी दरवर्षी त्यात असे. तिने ती मोडली, अर्धी सुनंदाबाईपुढे धरली. घेते की नाही हे बघायला मान वळवली नाही.

"खाय, बाई. चक्कर ई जाई."

लिलाबाईचा भाकरी धरलेला हात बराच वेळ तसाच राहिला. मग तो हलका झाला. सुनंदाबाईने थाळीवरचा हात काढून भाकरी घेतली होती. ती खाली मान घालून सावकाश चावू लागली. उरलेली अर्धी लिलाबाईने आपल्या थाळीत ठेवली आणि तुकडा मोडला.

आबांनी अजून 'घ्या' म्हटलं नव्हतं. सगळं गाव भरल्या थाळ्यांपुढे हात आवरून बसलं होतं, आणि पहिल्या पंगतीत फक्त त्या दोघी जेवत होत्या.